निखाडेसरांची लाइन

दहा-बारा वर्षं एकाच हॉलात रोज सकाळी घाम गाळला की किस्से साचतातच. कोणी ठरवून साचवत नाही. माळ्यावर रिकाम्या बरण्या साचतात तसे ते साचत जातात, आणि मग कोणाच्या तरी तेरवीला एकदम खाली निघतात. आमचं आता तेवढंच राहिलं आहे. लग्नं उरकली, बदल्या झाल्या, पोटं सुटली. भेटतो ते कोणीतरी गेलं म्हणून.

या खेपेला गेले ते आमचे निखाडेसरच. पारशिवनीच्या पुढं त्यांचं गाव. तेरवीच्या पंगतीला वेळ होता. आम्ही सात-आठ जण मांडवाच्या कडेला सतरंजीवर बसलो होतो आणि सुरू झालं. "तुले आठवते का गा..." असं नागपूरकराच्या तोंडून एकदा निघालं की पुढचा तास गेलाच म्हणून समजा!

हसलो. सरांच्या फोटोला हार घातलेला, शेजारी त्यांच्या बायको बसलेल्या, आणि आम्ही तोंडावर रुमाल धरून हसत होतो. पण एक किस्सा कोणी काढला नाही. मी समोर असताना तो कोणी काढत नाही. मी पान खायला उठलो की काढतात, आणि परत आलो की सगळे एकदम पंगतीत भाजी कोणती आहे ते विचारू लागतात. मला काय कळत नाही? म्हणून तो आज मीच सांगणार आहे. पण शेवटी. आधीचे सांगितल्याशिवाय तो समजायचा नाही.

* * *

आधी सरांची ओळख करून देतो. वासुदेव निखाडे, रेल्वेत फिटर. उंची बेताची, हात राकट, बोलणं मोजकं. फक्त ओरडायची वेळ आली की शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची. नोकरीतली काही वर्षं त्यांनी खड्गपूरला काढली. तिथून दर रविवारी कलकत्त्याला जाऊन ते कराटे शिकले. शिकवणारे मित्रबाबू म्हणून एक बंगाली गृहस्थ होते, जहाजावर नोकरी करता करता जपानात शिकून आलेले. मग सरांची बदली नागपूरला झाली आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी महाल भागातल्या एका शाळेच्या हॉलात क्लास सुरू केला. तेव्हा नागपुरात कराटे म्हणजे काय हे कोणाला ठाऊक! माझी आई शेवटपर्यंत त्याला 'कारल्याचा क्लास' म्हणायची.

कराट्यात पट्ट्यांची उतरंड असते. पांढरा, पिवळा, हिरवा, तपकिरी आणि सगळ्यांत वर काळा. सरांचा पट्टा तपकिरी होता. काळ्याची परीक्षा राहिली होती. लपवालपवी नाही, पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

"माह्याजवळ भुरा आहे. जे माह्याजवळ नाही ते मी तुम्हाले देऊ शकत नाही. ज्याले काळा पाहिजे, त्यानं दुसरीकडं पाहावं."

त्यामुळे आमच्या क्लासात जो तो तपकिरीपर्यंत चढायचा आणि तिथंच थांबायचा. काही वर्षांनी आम्ही नऊ तपकिरी झालो होतो. दहावे सर.

कोणीतरी कुठल्या तरी मासिकात वाचलं की कराटेच्या गुरूला 'सेन्सेई' म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्यानं सरांना सेन्सेई म्हणून हाक मारली. सर थांबले.

"सेन्सेई म्हणजे काय, माहीत आहे काय?"

"गुरू, सर."

"नाही. आधी जन्मला तो. शब्दाचा अर्थ एवढाच."

"मग तुम्ही आमच्या आधीच जन्मले ना, सर!"

"नुसतं जन्मून होत नाही ना गा. काळा भेटेपर्यंत ते नाव लावत नसतात." आणि त्यांनी त्या पोराला पन्नास उठाबशा काढायला लावल्या. पुन्हा कोणी तो शब्द काढला नाही.

* * *

सरांचा एकच नियम होता आणि त्यात कधीही सूट नव्हती. लाइन! सकाळी साडेपाचला सगळ्यांनी हॉलात एका ओळीत उभं राहायचं. उजव्या टोकाला सगळ्यांत वरचा पट्टा, मग खाली खाली पांढऱ्यापर्यंत. सर समोर, एकटे. उजव्या टोकाच्यानं ओरडायचं, "सावधान! सरांना, रेई!" रेई म्हणजे कमरेतून वाकून नमस्कार. सरही तितकेच वाकायचे.

"लाइन पट्ट्यानं लागते," सर म्हणायचे. "वयानं नाही, पगारानं नाही, नात्यानं नाही."

हे 'नात्यानं नाही' बिचाऱ्या घाटेकाकांना पुरतं भोवलं. घाटेकाका सरकारी कचेरीत हेडक्लार्क. मुलीला, वैशालीला, क्लासला घातलं. चौदा वर्षांची पोर एवढ्या पहाटे एकटी कशी पाठवायची म्हणून सोबत यायला लागले. बसून कंटाळा येतो म्हणून स्वतःही कपडे शिवून उभे राहिले. वैशाली चार महिन्यांत पिवळी झाली. काका दोनदा नापास! झालं, वैशाली त्यांच्या वरच्या जागेवर. काकांचा सराव कोण घेणार तर वैशाली. "बाबा, गुडघा वाकून राहिला तुमचा!" असं तिनं ओरडायचं आणि काकांनी "हो" म्हणायचं. घरी गणिताच्या पेपरावरून ते तिला बोलायचे आणि सकाळी ती वचपा काढायची.

ती हिरवी झाली, हे पिवळे. ती तपकिरी झाली, हे हिरवे. काकांना तिच्या पुढं कधीच जाता आलं नाही.

मग तिचं लग्न झालं. आम्ही सगळे हजर. पाठवणीच्या वेळी बायका रडत होत्या, बँडवाले उगाच थांबले होते. शालू नेसलेली वैशाली वडिलांच्या पाया पडायला वाकली. काकांनी तिला खांद्याला धरून उभं केलं. एक पाऊल मागं झाले, दोन्ही हात मांड्यांना लावले आणि कमरेतून वाकले. रेई! पोरीनं डोळे पुसले, पदर सावरला आणि तीही तितकीच वाकली. सासरकडची मंडळी आ वासून पाहत होती.

नंतर व्याह्यांनी विचारलं, "हे काय तुमच्यातली रीत आहे काय हो?"

काका म्हणाले, "लाइनीत ती माझ्या वरच होती ना हो."

त्यानंतर काका क्लासला आले, पण लाइनीतली तिची जागा कोणी भरली की त्यांना बघवायचं नाही. बरेच दिवस ते स्वतःच मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून उभे राहायचे. सरांनी कधी हटकलं नाही. नियमाला तेवढीच काय ती सूट मी पाहिली.

* * *

त्या काळी रंगीत पट्टे नागपुरात विकत मिळत नव्हते. सीताबर्डीचा एक शिंपी मांजरपाटाचे पांढरे पट्टे शिवून द्यायचा आणि इतवारीतला एक म्हातारा रंगारी ते रंगवून द्यायचा. रंग पक्का असेल तर शपथ! धुतला की हिरव्याचा पोपटी आणि पिवळ्याचा परत पांढरा. "काल रात्री आईनं माझं डिमोशन केलं," असं सांगत पोरं यायची.

एकदा सरांचा स्वतःचा पट्टा पार झिजला. नवा शिवला आणि रंगाऱ्याकडे टाकला. आणायला गेलो तेव्हा मी सोबत होतो. म्हाताऱ्यानं कढईत तो जास्त वेळ ठेवला होता, की आधीच्या रंगाची कढई धुतली नव्हती, कोण जाणे. पट्टा बाहेर आला तो काळा! साधा काळपट नाही, चांगला काळाकुळकुळीत.

"काळा झाला तं झाला ना भाऊ," रंगारी म्हणाला. "माहा नातू सांगते, काळा सगळ्याइच्या वरचा असते म्हणून. घेऊन जा ना!"

सरांनी पट्टा हातात घेतला. दारात उजेडाला नेऊन पाहिला. हाताभोवती एक वेढा दिला, सोडला, परत दिला. 

"उतरवता येते काय?" त्यांनी विचारलं.

"रंग चढते भाऊ. उतरत नाही."

"मग राहू द्या तुमच्याचपाशी. बकरी बांधा."

सर जुनाच झिजलेला पट्टा घालत राहिले. आणि दोन महिन्यांनी मी इतवारीत गेलो तर काय! अख्ख्या नागपुरात तेव्हा एकच ब्लॅक बेल्ट होता, आणि तो रंगाऱ्याच्या बकरीच्या गळ्यात होता!

* * *

आमच्या शाळेच्या मागं एक आखाडा होता. रामाजी वस्तादांचा. मधली भिंत एवढी पातळ की तिकडं कोणी चीत झालं की आमच्या हॉलात धप्प आवाज यायचा. वस्तादांना आमचं सगळंच गमतीचं वाटायचं. सकाळी मातीनं माखलेले ते आमच्या खिडकीत येऊन उभे राहायचे.

"काहून गा निखाडे, कपड्याच्या पट्टीनं माणूस मोजते काय?"

सर हसायचे. एक दिवस त्यांनी उलट विचारलं, "तुम्हाले वस्ताद कोणी केलं, रामाजी? परीक्षा झाली होती काय?"

"मले कोण करीन?" वस्ताद म्हणाले. "आमचा म्हातारा वस्ताद होता. एक दिवस तो आलाच नाही. बिमार पडला. पोट्टे मातीत उभे, काय करावं समजे ना. मंग एकानं मले विचारलं, 'दादा, आज काय करायचं?' मी सांगतलं, दंड मारा. मारले त्याइनं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. झालो वस्ताद!"

आम्ही हसलो. वस्ताद हसले नाहीत.

"खरं सांगतो गा. 'आज काय करायचं' हे ज्याले विचारतेत, तो वस्ताद. बाकी पट्टी अन् पगडी दुकानात भेटते. तुह्या हॉलात हे कोणाले विचारतेत?"

"मले."

"मंग?"

"मंग काही नाही," सर म्हणाले. "माही परीक्षा राहिली आहे."

वस्तादांनी कपाळाला हात लावला. तिथं मातीचा पंजा उमटला.

* * *

हळूहळू हवा बदलली. मारामारीचे सिनेमे आले आणि गल्लोगल्ली कराटे निघालं. जरीपटका वस्तीत एक मास्टर किशोर उगवला. कालपर्यंत हा गृहस्थ साड्यांच्या दुकानात घड्या घालायचा. पहिल्या वर्षी त्याच्या बोर्डावर 'ब्लॅक बेल्ट' होतं. दुसऱ्या वर्षी 'सेन्सेई'. तिसऱ्या वर्षी 'ग्रँड मास्टर'. बोर्ड तोच, फक्त वर नवी पट्टी ठोकायची आणि नाव खाली सरकवायचं. शेवटी त्याचं नाव वाचायला मान एवढी खाली आणावी लागायची की रस्त्यावरचा माणूस आपोआप रेई करायचा!

काळ्या पट्ट्यातही पुन्हा पायऱ्या असतात. पहिला डॅन, दुसरा डॅन, अशा. मास्टर किशोरनं एका झटक्यात स्वतःला सातवा डॅन देऊन टाकला आणि बोर्ड रंगवायला पेंटर बोलावला. पेंटरला डॅन माहीत नव्हता. त्याला वाटलं, साहेब घाईत चुकीचं लिहून गेले. त्यानं मोठ्या अक्षरांत सुधारून लिहिलं : 'मास्टर किशोर, सेव्हन्थ डॉन'.

आठवड्याभरात चौकीवरून एक हवालदार आला. दोन पोलीस बाहेर उभे केले, आत जाऊन वही उघडली आणि मास्टरला खुर्चीवर बसवून विचारलं, "तू सातवा ना? मग बाकीचे सहा कुठं आहेत ते सांग!"

आम्ही हा किस्सा सरांना रंगवून सांगितला. आम्हाला वाटलं सर पोट धरून हसतील. सर म्हणाले, "त्याच्याकडं किती पोट्टे आहेत?"

"दोनशेच्या वर असतील, सर."

"आणि आपल्याकडं?"

त्या दिवशी लाइनीत अकरा जण होते. त्यातले सहा तपकिरी. नवीन कोणी येतच नव्हतं. ज्या गुरूकडेच काळा नाही, त्याच्याकडे कोण येणार?

* * *

सरांची परीक्षा नेमकी राहिली कशी, हे त्यांनी एकदाच सांगितलं. पारशिवनीला गणपतीत प्रात्यक्षिकं करून आम्ही एस.टी.नं परत येत होतो. खिडकीबाहेर कपाशीच्या पऱ्हाट्या मागं जात होत्या. मी शेजारी बसलो होतो.

बदली होऊन नागपूरला आल्यावर मित्रबाबूंचं पत्र आलं होतं. माघात या, काळ्याची परीक्षा घेतो. सरांनी रजा काढली आणि गेले. जाऊन पाहतात तर मित्रबाबू अंथरुणाला खिळलेले. दोनच दिवसांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेलेली. तरी हट्ट धरून बसले, की आलाच आहेस तर काता करून दाखव. काता म्हणजे समोर शत्रू आहे असं समजून एकट्यानं करायच्या हालचाली. ठरलेल्या क्रमानं, एकही पाऊल इकडचं तिकडं नाही.

"खोली एवढीशी," सर सांगत होते. "पलंग, कपाट, स्टूल. दोन पावलं टाकली की भिंत. तरी केला गा. जसा कधीच केला नव्हता तसा केला. शेवटची आरोळी ठोकली, रेई केलं आणि वर पाहिलं."

"मग?"

"झोपले होते. औषधाची गुंगी. कधी डोळा लागला, कोण जाणे."

त्यांच्या बायकोनं कपाटातून एक काळा पट्टा काढून आणला. मित्रबाबूंनी सरांसाठी आधीच आणून ठेवलेला. घेऊन जा म्हणाली, यांची तशीच इच्छा होती. सरांनी घेतला नाही. ते जागे होतील, पाहतील, मग देतील म्हणून दोन दिवस थांबले. रजा संपली. परत आले. पुढच्या महिन्यात मित्रबाबू गेल्याचं कार्ड आलं.

"पण सर, काता तर तुम्ही केला ना!" मी म्हणालो.

"केला. पण त्याइनं पाहिला नाही. ज्यानं पाहिलं नाही, तो पास कसा करीन?" सर खिडकीतून बाहेर पाहत म्हणाले. "परीक्षा झाली. निकाल लागायचा राहिला."

कामठी आल्यावर त्यांनी मला शेंगदाणे दिले.

* * *

आता माझा किस्सा. त्याला मीच जबाबदार आहे.

मी बी.ए. होऊन बसलो होतो. एका शाळेत व्यायामशिक्षकाची जागा निघाली आणि जाहिरातीत लिहिलं होतं, 'कराटे येणाऱ्यास प्राधान्य'. मला वाटलं, ही जागा माझीच. सरांनी स्वतःच्या अक्षरात सर्टिफिकेट लिहून दिलं. खाली सही, आणि सहीखाली लिहिलं, 'ब्राउन बेल्ट'.

मुलाखतीला तीन जण बसले होते. मधल्यानं कागद उलटासुलटा केला.

"ब्राउन म्हणजे पास की नापास?"

"ब्राउन म्हणजे... काळ्याच्या अलीकडचा, सर."

"म्हणजे अजून पास व्हायचाय!"

"हो. म्हणजे नाही. आमच्या सरांकडेच ब्राउन आहे, त्यामुळे..."

तिघंही हसले. अगदी मनापासून हसले. "म्हणजे गुरुजीही नापासच!" कोपऱ्यातला म्हणाला. आणि मी, खोटं कशाला सांगू, मीही त्यांच्याबरोबर हसलो. नोकरी पाहिजे होती ना.

जागा मास्टर किशोरच्या एका शिष्याला मिळाली. त्याला लाथ मारताना पायजमा धरावा लागायचा, पण पट्टा काळा होता.

* * *

तर हा शेवटचा.

मी मुंबईला गेलो. एका मोठ्या असोसिएशनचं तीन दिवसांचं शिबिर होतं, तिसऱ्या दिवशी काळ्याची परीक्षा. सरांना सांगितलं की मावसभावाच्या लग्नाला चाललो. हॉल गच्च भरला होता. आठ-आठ जणांना एकदम उभं करायचे. परीक्षक स्टेजवर खुर्चीत. मी काता सुरू केला तेव्हा ते शेजारच्याशी बोलत होते. अर्ध्यावर आलो तेव्हा चहा आला. आरोळी ठोकून मी वर पाहिलं तेव्हा ते बशीतला चहा फुंकत होते. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. संध्याकाळी सगळ्यांना पट्टे आणि सर्टिफिकेटं मिळाली. कोणीही नापास नाही.

त्याच सर्टिफिकेटावर पुढं मला नोकरी लागली. अजून तीच करतो आहे.

सोमवारी सकाळी मी क्लासला गेलो. काळा पट्टा बांधून. बॅगेत ठेवून जाता आलं असतं. सरांना आधी बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पण वय तसं होतं आणि घरच्या आरशात मी दोनदा पाहून निघालो होतो. जुने तपकिरी नोकऱ्यांच्या मागं पांगल्यापासून लाइनीत सगळ्यांत वरचा मीच होतो, म्हणून नेहमीसारखा उजव्या टोकाला जाऊन उभा राहिलो. शेजारी घाटेकाका होते, एव्हाना तपकिरी झालेले. त्यांनी माझ्या कमरेकडे पाहिलं आणि समोर पाहू लागले.

सर आत आले. कमरेला तोच झिजलेला तपकिरी पट्टा. माझ्यासमोर येऊन थांबले.

"कुठं झाली परीक्षा?"

"मुंबईला, सर."

"पूर्ण काता केला?"

"हो, सर."

सरांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. "पाहिला त्याइनं?"

मला नाही म्हणता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं. नाही म्हटलं असतं तर सरांनी पट्टा काढायला लावला असता, पन्नास उठाबशा काढायला लावल्या असत्या आणि आम्ही सगळे आजही तो किस्सा हसत सांगत असतो.

"पाहिला, सर," मी म्हणालो.

सरांनी मान हलवली. मग हात पुढं करून माझ्या पट्ट्याची गाठ नीट केली. दोन टोकं खालीवर झाली होती ती ओढून सारखी केली.

"मग इथं काहून उभा आहेस?"

त्यांनी माझा दंड धरला आणि मला समोर नेलं. ज्या जागेवर ते इतकी वर्षं उभे राहत होते तिथं उभं केलं, तोंड लाइनीकडे करून. मग ते स्वतः चालत गेले. घाटेकाकांच्या वर, उजव्या टोकाला, माझी जागा रिकामी होती. तिथं उभे राहिले. पाय जुळवले. हात मांड्यांना लावले. आणि उजव्या टोकाच्या माणसाचं जे काम, ते केलं. पत्र्यावरची सगळी कबुतरं उडाली.

"सावधान! सेन्सेईंना, रेई!"

सगळी लाइन वाकली. सर सगळ्यांत खाली वाकले. त्यांच्या डोक्यावरचे पांढरे केस मी पहिल्यांदाच वरून पाहत होतो. मी उलट वाकायला हवं होतं. मला आठवलंच नाही. मी तसाच उभा.

लाइन सरळ झाली. भिंतीपलीकडं आखाड्यात कोणीतरी धप्पकन पडलं. सगळे माझ्याकडे पाहत थांबले, आणि मी सरांकडे पाहत थांबलो.

मग सरांनी लाइनीतूनच, नजर समोर ठेवून, शांत आवाजात विचारलं,

"सेन्सेई, आज काय करायचं?"